पानात तयार होणारी लस

नोव्हेंबर 2022 मध्ये भिवंडीत गोवराची साथ होती. त्या दिवसांत मुंब्र्याला आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, दादी छोट्या भावाला लस देऊ देत नाहीत. त्यात डुकराची चरबी असते म्हणतात."

मुली हसल्या. मला हसू आले नाही, कारण दादींची शंका अगदीच हवेतली नव्हती. चरबी नसते, पण काही लसी टिकाव्यात म्हणून त्यांत जिलेटिन घालतात आणि ते काही वेळा डुकराचे असते. 1995 मध्ये कुवेतला उलमा आणि डॉक्टर एकत्र बसले. प्रक्रियेत मूळ पदार्थ पूर्ण बदलतो, म्हणून असे जिलेटिन पाक आहे, असे त्यांनी सांगितले. हे मी उर्दूत चिठ्ठीवर लिहून दादींना पाठवले.

मग मुलींना नवी गोष्ट सांगितली. लसीतले प्रथिन आता झाडाच्या पानातही तयार करता येते. विदर्भातल्या बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचा जनुक असतो ना, तसा लसीच्या प्रथिनाचा जनुक तंबाखूच्या भाऊबंद रोपात सोडतात. काही दिवसांत पानांत प्रथिन साठते. पाने वाटायची, प्रथिन वेगळे काढायचे, शुद्ध करायचे. कॅनडाने फेब्रुवारी 2022 मध्ये अशी करोनाची लस मंजूर केली. गाजराच्या पेशींत बनवलेले, गोशे नावाच्या आनुवंशिक आजारावरचे औषध तर अमेरिकेत 2012 पासून आहे.

"मग त्यात प्राण्याचं काहीच नाही?" पुन्हा तीच मुलगी.

तसेही नाही. कॅनडाच्या लसीचा परिणाम वाढवायला शार्कच्या यकृतातला तेलकट पदार्थ घालत. शार्क म्हणजे आपली मुशी. कोकणी घरात मुशीला कोण नको म्हणेल! लस अडली वेगळ्याच कारणाने. कंपनीत सिगारेटवाल्यांचा हिस्सा होता, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली नाही. 2023 मध्ये कंपनीच बंद करायचे ठरले.

सुईऐवजी बटाटा खाऊन लस घेण्याचे प्रयोगही अमेरिकेत झाले आहेत. मुलींना हे फारच आवडले. पण दोन बटाट्यांत प्रथिन सारखे नसते, मग डोस कसा मोजायचा? आणि बटाटा कच्चाच खायचा, हे ऐकून त्यांची तोंडे वाकडी झाली.

गोवराची लस अजून अशी येत नाही. छोट्याला सुईच घ्यावी लागणार होती. चार दिवसांनी दादींचा निरोप आला, "मौलानांना विचारते." त्यानंतरच्या आठवड्यात मुलीने भावाचे लसीचे कार्ड वर्गात आणून दाखवले.