कबड्डी पाहायलाही शिकावे लागते

एखादा सामना पाहून तुम्ही घरी आलात आणि कुणी विचारले, "कसा झाला सामना?", तर तुम्ही काय सांगता? "आपण जिंकलो", "थोडक्यात हरलो", फार तर "मजा आली". पण सामना कुठे फिरला, का फिरला, असे विचारले की आपण गप्प बसतो. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट आपल्याला सांगता येत नाही. वयाची चाळिशी उलटेपर्यंत माझीही हीच गत होती.

मी नवी मुंबईतल्या करावे गावात राहतो. आजूबाजूला उंच इमारती उभ्या राहिल्या, पाम बीच रस्ता झाला, तरी गावठाण जुनेच आहे. वस्ती आगरी-कोळ्यांची आणि कबड्डीचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे. मी मात्र शाळेत किडकिडीत आणि चष्मेवाला. खेळाच्या तासाला माझ्या हाती गुण लिहायची वही यायची. खेळ हा आपला प्रांत नव्हे, अशी मी तेव्हाच मनाची समजूत घालून घेतली. पुढे भौतिकशास्त्र शिकलो, शिकवू लागलो, पण ती समजूत तशीच राहिली.

काही वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी गावातली एक स्पर्धा पाहायला गेलो. एक चढाईपटू आत गेला, इकडून तिकडे नाचला आणि हात हलवत परत आला. गुण नाही, काही नाही. मी कंटाळून मुलीशी बोलू लागलो. शेजारच्या खुर्चीवरचे एक आजोबा म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्याच्याकडंच बघताय. कोपऱ्याकडं बघा." मी पाहिले. डाव्या कोपऱ्यातला मुलगा एक वीतभर पुढे सरकला होता. पुढच्या चढाईच्या वेळी आणखी थोडा सरकला. त्यानंतरच्या चढाईला आजोबा पुटपुटले, "आता धरतोय." आणि त्याने खरोखरच घोटा धरला!

आजोबांना हे आधी कसे कळले? त्यांना भविष्य दिसत नव्हते. मला जे दिसत नव्हते ते वर्तमान त्यांना दिसत होते. त्या रात्रीपासून मी कबड्डी पाहायला शिकतो आहे. जे शिकलो त्यातले थोडे तुम्हाला सांगतो. कारण माझे स्पष्ट मत असे आहे, की खेळ पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ज्याला खेळता येत नाही त्याने तर ती शिकलीच पाहिजे.

पाऊल आणि भार

पुरुषांच्या कबड्डीत मध्यरेषेपासून अंतिम रेषा ६.५ मीटर अंतरावर असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. चढाईपटूने निदान रेषा ओलांडली नाही तर तो बाद होतो. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवला आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत असला, तर त्याला एक गुण मिळतो. मात्र समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तरच.

आता एक प्रयोग करा. भिंतीला उजवी बाजू लावून असे उभे राहा, की उजवा खांदा आणि उजव्या पावलाची कड भिंतीला चिकटलेली असेल. त्याच स्थितीत राहून डावा पाय उचलून पाहा. तो उचलता येत नाही! पाय उचलायचा तर शरीराचा गुरुत्वमध्य दुसऱ्या पावलाच्या वर न्यावा लागतो, आणि भिंत तो नेऊ देत नाही.

हाच नियम मैदानावर लावा. बोनस घेताना मागचा पाय हवेत असतो, म्हणजे शरीराचा सगळा भार पुढच्या पायावर येतो. हा पाय आपल्या घरापासून, म्हणजे मध्यरेषेपासून, पावणेपाच मीटर दूर. ज्या पायावर भार आहे तो झटकन मागे ओढता येत नाही. आधी भार दुसरीकडे न्यावा लागतो. कोपऱ्यातला खेळाडू नेमक्या याच क्षणाची वाट पाहत असतो. त्याने घोटा धरला की पाऊल थांबते, पण जडत्वामुळे धड पुढे जात राहते आणि चढाईपटू कोसळतो. थोडक्यात, बोनसचा एक गुण फुकट मिळत नाही. सर्वांत लांबच्या पायावर सगळा भार टाकणे, ही त्याची किंमत नियमानेच ठरवून दिलेली आहे.

हे एकदा समजले, की तुमची नजर आपोआप चढाईपटूच्या चेहऱ्यावरून त्याच्या पावलांकडे जाते. आणि समोर पाचच खेळाडू उरले असतील, तर तो बोनस रेषेकडे फिरकत का नाही, हेही कळते. तिथे आता धोका आहे, पण गुण नाही.

रिकाम्या चढाईत काय असते?

ज्या चढाईला मी कंटाळलो होतो तिला रिकामी चढाई म्हणतात. एका चढाईला ३० सेकंद मिळतात. सामना संपायला दोन मिनिटे असताना तीन गुणांनी पुढे असलेला संघ काय करील? आत जाईल, निदान रेषा ओलांडील, दम घुमवीत वेळ काढील आणि परत येईल. त्याने गुण मिळवला नाही, पण अर्धे मिनिट मिळवले. त्या घटकेला अर्धे मिनिट गुणापेक्षा मोलाचे असते.

पण असेच चालू राहिले तर खेळ कंटाळवाणा होईल. म्हणून तिसऱ्या चढाईचा नियम आला. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने तो घरोघरी पोहोचवला आणि आता इतर अनेक स्पर्धांतही तो लागू असतो. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. नाही मिळाला तर चढाईपटू बाद.

आता आजोबांचे रहस्य उलगडते. पहिल्या दोन चढायांत तो मुलगा उगाच सरकत नव्हता. तो अंतर मोजत होता, समोरचा कोणत्या पायाने पुढे येतो ते पाहत होता. तिसऱ्या वेळी समोरच्याला आत यावेच लागणार, हे त्याला ठाऊक होते आणि आजोबांनाही. ठाऊक नव्हते ते फक्त मला.

धरायचे की सोडायचे?

दहावीच्या बीजगणितात तुम्ही संभाव्यता शिकता. तिचा उपयोग इथे करून पाहू.

समजा बचावाला चार खेळाडू आहेत. चढाईपटूला धरले तर त्यांना एक गुण. पकड फसली तर निदान एकाला स्पर्श झालेला असतो, म्हणून समोरच्याला एक गुण. दहापैकी पाच पकडी साधल्या तर हिशेब बरोबरीत. म्हणजे यशाची संभाव्यता निम्म्याहून अधिक असेल तरच धरण्यात फायदा.

आता बचावाला तीनच खेळाडू उरले आहेत. अव्वल पकडीच्या नियमाप्रमाणे तिघांनी किंवा त्याहून कमी जणांनी पकड केली, तर दोन गुण मिळतात. नऊ प्रयत्नांत तीन पकडी साधल्या तर सहा गुण मिळाले. सहा फसल्या तर सहा गुण गेले. पुन्हा बरोबरी! म्हणजे आता तीनात एकदा यश आले तरी पुरते.

हे गणित ढोबळ आहे. फसलेल्या पकडीत दोघेतिघे एकदम बाद होऊ शकतात, आणि सगळेच बाद झाले तर लोणाचे दोन गुण वेगळे. तरीही यातून एक गोष्ट दिसते. खेळाडू कमी झाले की संघ दुबळा होतो, पण त्याला धाडस परवडू लागते. म्हणून तिघेच उरले की जाणकार प्रेक्षक पुढे सरसावून बसतात, आणि इतरांना वाटते, आता हा संघ संपला!

आपला खेळ आपल्याला कळतो का?

कबड्डी आपल्या मातीतली, मग ती वेगळी शिकायची कशाला, असे काहींना वाटते. त्यांनी २०१८ सालच्या जकार्ता आशियाई स्पर्धा आठवाव्यात. १९९० साली या स्पर्धांत कबड्डी आली तेव्हापासून दर वेळी सुवर्णपदक जिंकणारा आपला पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८–२७ असा हरला. महिलांचा अंतिम सामनाही इराणने २७–२४ असा जिंकला. इराणच्या त्या महिला संघाच्या प्रशिक्षिका कोण होत्या? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! खेळ वारशाने मिळतो, पण खेळाची समज शिकून मिळवावी लागते. आणि जो शिकेल ती त्याची होते.

दुसरी आठवण २०२३ सालच्या हांगझोऊची. भारत आणि इराण अंतिम सामन्यात २८–२८ अशा बरोबरीत होते आणि वेळ संपत आली होती. आपला चढाईपटू कुणालाही स्पर्श न करता कडेच्या राखीव क्षेत्रात गेला, आणि त्याच्या मागोमाग इराणचे खेळाडूही गेले. आता बाद कोण? एकटा चढाईपटू की त्याच्यामागे गेलेलेही? जुना नियम लावायचा की नवा, यावर सुमारे तासभर खेळ थांबला. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला. ज्यांना राखीव क्षेत्राचा नियम ठाऊक नव्हता त्यांच्यासाठी तो तास निव्वळ गोंधळाचा होता. ज्यांना ठाऊक होता त्यांच्यासाठी तो खटल्यासारखा रंगला.

हे फक्त कबड्डीपुरते नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी करावेपासून जवळच, नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. समोरची जोडी स्थिरावत असताना कर्णधार हरमनप्रीत कौरने चेंडू दिला तो शेफाली वर्माकडे, जी मुख्यतः फलंदाज! पाहता पाहता शेफालीने दोन बळी घेतले. "नशीब!" असे म्हणता येईल. पण फलंदाज मुख्य गोलंदाजांची तयारी करून येतात, तेव्हा अनपेक्षित गोलंदाज आणणे हाही एक डाव असतो. तो ओळखला तर त्या दोन बळींचा आनंद दुप्पट होतो.

कळले म्हणून मजा जाते का?

"सर, असे गणित करत बसलो तर मजाच जाईल," असे माझे विद्यार्थी म्हणतात. एक मजा जाते, हे खरे आहे. अजाणपणी प्रत्येक पकड चमत्कार वाटते, तशी ती पुढे वाटत नाही. पण तिच्या जागी जे येते ते अधिक टिकाऊ असते.

आमच्या करावेच्या पाणथळीत रोहित पक्षी येतात. लोक गाडी थांबवतात, गुलाबी रंग पाहतात, छायाचित्र घेतात आणि पाच मिनिटांत निघून जातात. पण रोहित चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव खातो, हे ज्याला ठाऊक आहे तो तासभर तिथे उभा राहतो. ज्ञानाने त्याचा गुलाबी रंग फिका होत नाही.

आता शिक्षक मित्रांना एक विनंती. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी होता. जडत्वावरच्या प्रश्नाला त्याने कोरा कागद दिला होता, आणि मी त्याला शून्य गुण दिले होते. पुढे एका सामन्यात मी त्याला उजव्या कोपऱ्यात खेळताना पाहिले. समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे हे तो डोळ्यांनी तोलत होता आणि अचूक क्षणी झेप घेत होता. जडत्व त्याला येत होते. त्याला "जडत्व" म्हणतात एवढेच त्याला मी सांगितलेले नव्हते. लहानपणी खेळ हा माझा प्रांत नव्हे असे मी मानले, तसेच त्याने विज्ञान हा आपला प्रांत नव्हे असे मानले होते. अशा भिंती आपल्या वर्गांतच उभ्या राहतात. त्या पाडायच्या तर एखादा तास मैदानावर घ्यायला काय हरकत आहे?

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढच्या सामन्याला जाताना एक छोटी वही घेऊन जा. प्रत्येक चढाईसाठी एक ओळ: समोर किती खेळाडू होते, सलग कितवी चढाई होती आणि निकाल काय लागला. चारपाच सामन्यांनंतर मोजा. तीन खेळाडू असताना दर तीन प्रयत्नांत एक पकड खरोखर साधते का? माझे गणित चुकले असेल तर तुमची वही ते दाखवील, आणि मला त्याचा आनंदच होईल.

लहानपणी जी वही हाती आली म्हणून मी हिरमुसलो होतो, तीच आज मी हौसेने घेऊन जातो. अधूनमधून आजोबा शेजारी असतात. ते काही लिहीत नाहीत. मी मान खाली घालून फार वेळ लिहीत बसलो की कोपराने ढोसतात आणि म्हणतात, "मास्तर, कोपरा!"