काय उतरले?

वजन घटवणारी इंजेक्शने २०२५ साली भारतात आली आणि आमच्या प्राध्यापककक्षातली चर्चा बदलली. पूर्वी ती डब्यातल्या भातावरून होई. एका सहकारी बाईंचे वजन अकरा किलोंनी उतरले, तेव्हा आम्ही तोंडभर कौतुक केले. परवा त्यांनीच उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दुसऱ्या मजल्यावर न्यायला शिपायाला हाक मारली. नेमके काय उतरले, हे आम्ही विचारलेच नव्हते.

मराठीत 'बारीक होणे' निराळे, 'रोडावणे' निराळे आणि 'खंगणे' त्याहून निराळे. काट्याला हा भेद कळत नाही. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेप १' चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. सहभागींपैकी १४० जणांची 'डेक्सा' तपासणी झाली. त्यांच्या घटलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. तो सगळा स्नायूंचा होता असेही नव्हे. पाणी आणि इतर अवयवही त्यात मोजले जातात. शिवाय चरबी अधिक वेगाने घटल्याने उरलेल्या देहात चरबीविरहित भागाचे प्रमाण थोडे वाढलेच. तेव्हा 'औषध स्नायू खाते' ही आरोळी आम्हाला मान्य नाही. भूक मंदावते, ताटातली डाळ-अंडी कमी होतात; आणि वजन झपाट्याने उतरले की, ते कशानेही उतरो, थोडे स्नायू जातातच.

प्रश्न मूळ पुंजीचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचे असे देह आपल्याकडे पुष्कळ. अशा माणसाचे स्नायू पन्नाशीच्या तोंडावर आणखी झिजले, तर ते परत मिळवणे सोपे नसते.

मधुमेहाने वा गुडघ्यांनी गांजलेल्यांना ही औषधे खरोखर दिलासा देतात; त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र दवाखान्यातल्या कागदावर किलोंच्या शेजारी मुठीची पकड आणि हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता आले, हेही लिहिले जावे, असे आमचे ठाम मत आहे. प्रथिनांचा हिशेब आणि वजने उचलण्याचा व्यायाम औषधासोबतच सांगितला जावा. (आमच्या पिढीला व्यायाम म्हणजे संध्याकाळचा फेरफटकाच वाटतो, ही अडचण वेगळीच.)

बाईंशी हे बोलणे झाले. हल्ली त्या गठ्ठा स्वतःच वर नेतात, दोन खेपांत.