रंधायंत्रास कवच कोणतें घ्यावें?

सुतारास संस्कृतांत ‘तक्षा’ म्हणतात. हा शब्द ज्या तक्ष् धातूपासून झाला त्याचा अर्थ तासून पातळ करणें असा आहे, आणि आपलें मराठी ‘तासणें’ त्याच कुळांतील आहे. शाळेंत हा धातु शिकवितांना काय तासावयाचें हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नाहीं. लांकूड, हें उत्तर उघडच होतें. परंतु कर्म कोणतें घ्यावें हें यंत्रास कळत नाहीं. पुढें जें येईल तें तें तासतें. म्हणून या वेळीं आम्ही रंधायंत्राच्या कवचाविषयीं लिहिणार आहों.

आमचा पुतण्या नोकरी सांभाळून सुतारकामाचा नाद करतो. दोन वर्षांपूर्वी त्यानें वाड्याच्या मागील पडवींत विजेवर चालणारें रंधायंत्र बसविलें. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करतों. लोखंडी मेजाचे दोन भाग असतात व त्यांच्यामधल्या फटींत पातीं बसविलेला एक रूळ फिरत असतो. पुढचें मेज मागच्यापेक्षां किंचित् खालीं असतें. जितकें खालीं, तितकें लांकूड एका वेळीं निघतें. फळी हातानें दाबून पुढून मागें ढकलावयाची, म्हणजे तिची बाजू सपाट होते. बाजूस एक उभी आधारपट्टी असते. तिला फळी टेकवून कड काटकोनांत करतां येते. पुष्कळ यंत्रांत मेज वर उचलून तीच फळी रुळाच्या खालून घातली कीं तिची जाडीहि सारखी होते. खालच्या कामांत यंत्रच फळी ओढून नेतें व हात दूर राहतो. वरच्या कामांत मात्र हात आणि पातें यांच्यामध्यें फळीवांचून दुसरें कांहीं नसतें.

येथें थोडें गणित करूं. रूळ मिनिटांत ५,००० वेळां फिरतो व त्यास ३ पातीं आहेत असें धरा. म्हणजे मिनिटास १५,००० व सेकंदास २५० घाव झाले. चटका बसल्यावर माणूस हात मागें घेतो त्यास सुमारें एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यांत ५० घाव होऊन गेलेले असतात. “मी सावध आहें” असें म्हणणाऱ्या प्रत्येकानें हें गणित एकदां पाटीवर करून पाहावें. शिवाय करवतीनें तुटलेलें बोट शल्यवैद्य कधीं कधीं पुन्हां जोडूं शकतात. रंधायंत्र बोट तोडीत नाहीं, त्याचीं सालपटें करतें, आणि सालपटें जोडतां येत नाहींत.

आमच्याबरोबर सुतारकाम शिकविणारे एक गुरुजी होते. त्यांच्या उजव्या हाताच्या मध्यमेचें व अनामिकेचें एक एक पेर नव्हतें. खडू ते अंगठा व तर्जनी यांत धरीत, आणि फळ्यावर त्यांची रेघ शेवटपर्यंत सरळच येई. नवीन मुलांना ते पहिल्या दिवशीं हात दाखवीत आणि इतकेंच म्हणत, “कवच होतें. भिंतीवर होतें.” त्या वाक्याचा पुरा अर्थ आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत कळला.

आतां कवचांचे प्रकार पाहूं. मुख्य दोन आहेत.

पहिलें अमेरिकेंत रूढ असलेलें. तें एका खुंटीभोंवतीं फिरतें व स्प्रिंगच्या जोरानें आधारपट्टीस येऊन टेकतें. फळी आली कीं तिच्या धक्क्यानें बाजूस सरतें, फळी गेली कीं आपोआप परत येतें. तिकडील कारागिरांनीं त्याच्या आकारावरून त्यास जें नांव दिलें आहे तें या मासिकाच्या वाचकांच्या स्वयंपाकघरांत चालण्यासारखें नाहीं; आम्ही त्यास कोयरी म्हणतों, कारण तें तसेंच दिसतें. कोयरीचा गुण हा कीं प्रत्येक वेळीं तिला बसवावें लागत नाहीं. दोष हा कीं रुंद फळी ढकलतांना ती फळीच्या रुंदीइतकी उघडते, आणि फळीचें शेवटचें टोंक रुळावरून जातें त्या क्षणीं ढकलणारा हात पात्यांच्या अगदीं जवळ असतो. स्प्रिंग सैल झाली किंवा खुंटींत भुसा भरला तर कोयरी उघडीच राहते.

दुसरें युरोपांत रूढ असलेलें पूल-कवच. ही बहुधा अॅल्युमिनियमची एक लांब पट्टी असते व ती रुळावर पुलासारखी आडवी येते. ती वरखालीं व आडवी, दोन्ही दिशांनीं सरकते. रुंद बाजू सपाट करतांना ती फळीच्या जाडीहून किंचित् वर ठेवावयाची. फळी पुलाखालून जाते व हात पुलावरून पलीकडे जातात. कड साफ करतांना पट्टी मेजापर्यंत उतरवून फळीच्या जाडीपुरतीच मागें घ्यावयाची. स्वित्झर्लंडांत लुसर्न येथें सुवा नांवाची अपघातविम्याची संस्था आहे, तिच्या नांवावरूनहि हें कवच ओळखलें जातें. याचा दोष एवढाच कीं प्रत्येक कामास तें नव्यानें बसवावें लागतें. आळशी माणूस तें एकदां उंच करून ठेवतो आणि मग पूल असून नसल्यासारखा होतो.

ही कल्पना आजची नव्हे. इंग्लंडांत १९२२ सालीं सुतारी यंत्रांविषयीं जे नियम झाले त्यांत हातानें फळी ढकलण्याच्या रंधायंत्रास गोल रूळ व असें पूल-कवच असलेंच पाहिजे असें ठरविलें होतें. त्यापूर्वी चौकोनी रूळ पुष्कळ ठिकाणीं असत. त्यांच्या व मेजाच्या मधल्या मोठ्या फटींत बोटच काय, हात ओढला जाई. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने-कायद्यानें यंत्राचे धोक्याचे भाग झांकून ठेवणें मालकावर बंधनकारक केलें. परंतु तो कायदा मुळांत विजेवर चालणाऱ्या व दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यासाठीं होता. पडवींत निरीक्षक येत नाहीं. तेथें निरीक्षक म्हणजे घरांतील वडील माणूस, आणि तेथेंच आमची चूक झाली.

पुतण्याच्या यंत्रास कोयरी होती. फळीच्या कडेस खाच पाडावयाची तर ती आड येते, म्हणून त्यानें ती काढून खिळ्यास अडकविली. “काका, उद्यां लावतों,” म्हणाला. ती दहा दिवस खिळ्यावर होती. आम्ही रोज ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसत होतों व रोज ती पाहत होतों. तरुणांच्या कामांत वडिलांनीं बोलूं नये, ही नव्या काळची रीत आम्हीं आपल्या सोयीनें पाळली.

अकराव्या दिवशीं संध्याकाळीं त्यानें यंत्र बंद केलें व पाठ फिरवून तो फळी मोजूं लागला. त्याची पांच वर्षांची मुलगी बाहुलीच्या गादीसाठीं सालपटें ओच्यांत गोळा करीत होती. जमिनीवरचीं संपलीं, मेजावर थोडीं उरलीं होतीं. बटण दाबल्यावर मोटरीचा आवाज थांबतो, पण रूळ कांहीं वेळ आपल्या वेगानें फिरतच राहतो, आणि फिरतांना तो स्थिर असल्यासारखा दिसतो. आम्हीं हांक मारली नाहीं. हांकेनें ती दचकली असती. उठून तिचा दंड धरला. तिचीं बोटें व फट यांत वीतभर अंतर होतें. “आजोबा, सोडा ना,” ती म्हणाली. पुतण्यानें मागें वळून पाहिलें आणि तो खालीं जमिनीवर बसला.

त्या रात्रीं घरांत कोणी कोणास बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीच आमचा दोष आधीं कबूल केला आणि मग कोणतें कवच घ्यावें याचा विचार दोघांनीं मिळून केला. त्यांतून जें निघालें तें वाचकांपुढें ठेवतों.

सर्वांत मजबूत तें कवच उत्तम, असें नाहीं. जें काढल्यावांचून आपलें रोजचें काम होतें तें उत्तम. रुंद फळ्यांचें काम अधिक असेल तर पूल-कवच घ्यावें. बहुतेक काम कडांचेंच असेल तर कोयरी चालेल, पण तिची स्प्रिंग यंत्राची वीज तोडून दर आठवड्यास पाहावी. खाच पाडण्यासाठीं कवच काढावें लागत असेल तर खाच त्या यंत्रावर पाडूंच नये, हातरंध्यानें पाडावी. पूल-कवच घेतांना चार गोष्टी पाहाव्या: तें रुळाची सबंध लांबी झांकतें कीं नाहीं, पाना न लावतां हातानें सरकतें कीं नाहीं, दाबल्यास पात्यांपर्यंत वाकत तर नाहीं, आणि आधारपट्टी पुढें घेतली असतां तिच्यामागें उघडा पडणारा रूळ झांकणारें दुसरें आच्छादन आहे कीं नाहीं. ही चौथी गोष्ट पुष्कळ लोक विसरतात. फळी जाडीस लावून झाल्यावर मेज खालीं आणलें कीं कवच आधीं, फळी नंतर.

कवच असलें तरी आंखूड तुकडा यंत्रावर धरूं नये. फूटभर लांबी ही किमान मर्यादा समजावी. फळी ढकलण्यास रबरी तळाचे मुठीचे ठोकळे वापरावे, हातमोजे घालूं नयेत, आणि काम संपलें कीं प्लग काढावा.

पुतण्याच्या यंत्रास आतां पूल-कवच आहे. कोयरी जेथें टांगलेली असे तो खिळा त्यानें स्वतः उपटून टाकला. मुलीस सालपटें तोच बाहेर आणून देतो. बाहुलीची गादी आतां चांगली जाड झाली आहे.

ज्या घरांत असें यंत्र असेल तेथील वडील मंडळींनीं आज हें मासिक खालीं ठेवल्यावर उठून एकदां भिंतीकडे पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.