हात कारागिराचे, नाव डिझायनरचे

पिंपळे गुरवमध्ये डिझायनर राहतात असे कोणी म्हटले तर ऐकणारा आधी हसेल. डिझायनर म्हणजे कोरेगाव पार्कात स्टुडिओ, अंगात लिननचा सदरा आणि तोंडात इंग्रजी, हे चित्र वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांनी आमच्या डोक्यात पक्के बसवले आहे. पिंपळे गुरव पडले पवनेकाठचे, पहाटे कंपनीची बस धरणाऱ्यांचे गाव. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेला माणूस येथे भाड्याच्या खोलीत संसार मांडतो आणि भोसरीला, पिंपरीला, चाकणला ड्युटीवर जातो. तेथे कसले आले डिझाइन? आमचे म्हणणे असे की या पट्ट्यात डिझाइन जितके रोज घडते तितके त्या पुरवण्यांमध्ये वर्षभरात छापून येत नाही. ते करणाऱ्याला डिझायनर म्हणण्याची पद्धत नाही, एवढेच. आणि ही पद्धत कोणी पाडली, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एक फिक्श्चर घ्या. मशीनवर जॉब घट्ट आणि दरवेळी त्याच जागी धरून ठेवणारी ही रचना. तिचे ड्रॉइंग वरच्या मजल्यावरच्या एसी खोलीतून येते. प्रत्यक्षात जॉब नीट बसत नाही. लोकेटिंग पिनच्या बुडाशी चिप साचते, जॉब किंचित उचलला जातो आणि भोक तिरपे पडते. रिजेक्शन वाढले की बोलणी ऑपरेटर खातो. मग तोच ऑपरेटर पिनच्या मुळाशी थोडी खाच घासून काढतो, म्हणजे चिप आपोआप बाहेर पडेल. क्लॅम्पची मूठ उजवीकडून डावीकडे घेतो, म्हणजे शिफ्टभर खांदा दुखणार नाही. एखादी जास्तीची पिन अशी बसवतो की जॉब उलटा लावायचा म्हटले तरी लागू नये. जपानी कारखान्यांनी या शेवटच्या युक्तीला 'पोका-योके' असे नाव दिले आणि आता मॅनेजमेंटच्या वर्गात ते शिकवले जाते. भोसरीच्या शेडमधला आमचा माणूस ते वर्ग न करताच हे करत असतो. वस्तूचे काम, वापरणाऱ्याचे शरीर आणि होऊ शकणारी चूक या तिन्हींचा एकत्र विचार करून वस्तूला आकार देणे, यालाच तर डिझाइन म्हणतात.

त्याला मिळते काय? सूचना पेटीत कागद पडतो, 'कायझेन'च्या फलकावर महिनाभर फोटो लागतो, कधी स्टीलचा डबा किंवा भिंतीवरचे घड्याळ मिळते. तो कंत्राटी किंवा ट्रेनी असेल तर फोटो लागेपर्यंत त्याला ब्रेक दिलेला असतो.

कायदाही येथे त्याच्या मदतीला येत नाही. आपल्या देशात डिझाइनची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्यानुसार होते. नोंदणी झाली की दहा वर्षे आणि अर्ज केल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. पण या कायद्याच्या लेखी डिझाइन म्हणजे वस्तूचे डोळ्यांना दिसणारे रूप. यंत्राची निव्वळ काम करण्याची रचना त्यात बसत नाही. शिवाय एखाद्याने मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन केले तर त्याचा मालक मोबदला देणारा ठरतो. म्हणजे आमचा ऑपरेटर दोन दारांवरून परत फिरतो. त्याने केले ते कायद्याच्या अर्थाने डिझाइन नव्हे, आणि असतेच तरी ते त्याचे नसते.

भारतात आधुनिक डिझाइनचे शिक्षण कसे सुरू झाले ते येथे आठवले पाहिजे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वात जास्त कौतुक केले ते आपल्या साध्या लोट्याचे. लोटा कोणा एका माणसाने घडवला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी तो घडवत आणला, असे त्यांचे निरीक्षण होते. निरीक्षण खरे आहे. पण पाहुण्यांना एक गोष्ट दिसली नाही, आणि ती दाखवणारा त्यांच्या भोवतीच्या मंडळींत कोणी नव्हता. त्या पिढ्यांना जाती होत्या. माती मळणारा कुंभार, पत्रा ठोकणारा तांबट आणि तोच लोटा हातात घ्यायला बंदी असलेला अस्पृश्य. लोट्याचा काठ पाणी नेमके ओतण्यासाठी उत्तम आहे यात शंका नाही. याच काठावरून आमच्या आजोबा-पणजोबांच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतले गेले. बाबासाहेब शाळेत होते तेव्हा शिपाई नसला की त्यांना पाणी मिळत नसे. ज्यांनी लोट्यात फक्त सौंदर्य पाहिले त्यांनी डिझाइनचा अर्धाच धडा वाचला, असे आमचे स्पष्ट मत आहे. वस्तू कोण घडवतो आणि कोण वापरू शकतो, हा उरलेला अर्धा धडा महाडच्या तळ्यावर शिकवला गेला.

त्याच महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते लुगडे नेसण्याच्या पद्धतीवर आणि दागिन्यांवर. आखूड लुगडे आणि हातापायांतले ते जाडजूड दागिने पाहताच जात कळायची. ही ओळख टाकून द्या, असे त्यांनी सांगितले आणि बायकांनी नेसण्याची तऱ्हा बदलली. कपड्याचा आकार माणसाला कोठे उभे करतो हे बाबासाहेबांना जितके कळले होते तितके आजही अनेक फॅशन डिझायनरांना कळलेले नाही. त्यांचा सूट आणि टाय हा त्याच विचाराचा भाग होता. त्याची टिंगल करणाऱ्यांना हे समजून घ्यायचेच नव्हते.

आता चपलेकडे येऊ. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात 'प्राडा' या कंपनीच्या फॅशन शोमध्ये मॉडेल कोल्हापुरी घालून चालले. कंपनीने नाव दिले होते चामड्याचे सँडल; कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे 'लिडकर' यांच्याशी तिचा करार झाला. दोन हजार जोड येथे बनवायचे आणि जोड सुमारे आठशे युरोला विकायचा, असे तेव्हा जाहीर झाले. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आहे, महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी. पण मानांकनाने नावाचे रक्षण होते. नाव न घेता कोणी तोच आकार उचलला तर ते मानांकन त्याला अडवू शकत नाही.

त्या वेळी वाहिन्यांवर 'आपल्या संस्कृतीचा अपमान' असा गजर चालला होता. हे 'आपल्या' म्हणणारे कोण? बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावणारा ढोर, तळ कापणारा आणि कान-अंगठा बसवणारा चर्मकार, घरात बसून बारीक वेणी घालणारी त्याची बायको, यांना गावाने कधी आपले म्हटले होते? चप्पल संस्कृती झाली आणि चप्पल करणारा गावकुसाबाहेर राहिला. प्राडाने केले ते वाईटच. पण करणाऱ्याचे नाव न घेता त्याची वस्तू मिरवण्याची सवय मिलानमध्ये जन्मलेली नाही.

याला उत्तर देणारी माणसे आमच्याच बाजूला उभी राहत आहेत, ही आनंदाची गोष्ट. सुधीर राजभर हा मुंबईत वाढलेला कलावंत. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी कडक झाली आणि धारावीतील चामड्याच्या कारागिरांचा माल आणि काम दोन्ही तुटले. राजभर यांनी या कारागिरांना बरोबर घेतले, टाकाऊ रबरापासून पिशव्या आणि पुढे खुर्च्या घडवल्या आणि त्या उद्योगाला नाव दिले 'चमार स्टुडिओ'. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द त्यांनी पाटीवर लावला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील 'डिझाइन मायामी' या प्रदर्शनात या खुर्च्या मांडल्या गेल्या आणि गायिका रिहाना हिने त्यातली खुर्ची घेतल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. चमार या शब्दाच्या वापराबद्दल आमच्या वाचकांत दोन मते असू शकतात. पण वस्तूवर कारागिराची ओळख ठेवूनच ती बाजारात न्यायची, हा त्यातला आग्रह आम्हाला मोलाचा वाटतो.

पुन्हा पिंपळे गुरवच्या रस्त्यावर येऊ. कोपऱ्यावर 'छोटा हत्ती' उभा असतोच. भाजी, भाडेकरूचा संसार, जयंतीच्या मिरवणुकीतील देखावा, सगळे तो वाहतो. टाटांची ही एस गाडी २००५ मध्ये पुण्यातून बाहेर पडली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील गटाने ती घडवताना तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांशी बोलून त्यांना काय हवे ते विचारले होते. त्यात एक उत्तर असे आले की चार चाके असली तर गावात मान वाढतो, सोयरीक चांगली जमते. वजन आणि मायलेज यांच्याबरोबर मान हीसुद्धा गरज असते, हे वापरणाऱ्याने इंजिनिअरला शिकवले. आम्ही विचारतो, याच शहराने रस्ता झाडणाऱ्या बाईला कधी विचारले का, की झाडूचा दांडा किती लांब हवा?

कारण रस्त्यांचे डिझाइन येथे झाले आहे. पिंपरी-चिंचवडची २०१७ मध्ये स्मार्ट सिटीसाठी निवड झाली आणि प्रत्यक्ष विकासासाठी पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर हाच भाग घेतला गेला. पदपथ आखले गेले, सायकलची वाट आली, बसायला बाक आले. चांगलेच झाले, चालणाऱ्याचा विचार होणे हे नवे आहे. स्मार्ट सिटीचे अभियान मार्च २०२५ मध्ये संपले. त्या पदपथावर रोज वाकून झाडणारी, कचऱ्याची गाडी ओढणारी बहुतेक आमचीच माणसे. त्यांची गाडी, त्यांचे हातमोजे, त्यांचा झाडू यांना मात्र कोणत्या आर्किटेक्टचा हात लागला नाही.

आणि येथले उगवते डिझायनर पाहायचे असतील तर एप्रिलमध्ये फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसावे. बारावी झालेला पोरगा कोरलड्रॉवर दोन तासांत वीस फुटी कमान उभी करतो. निळ्याच्या किती छटा, चेहऱ्यावरचा उजेड कोणत्या बाजूने, अक्षर लांबून वाचता येईल का, हे सगळे त्याला कळते. बाबासाहेबांचे उंचावलेले बोट आणि हातातले संविधान ही ओळख वस्तीवस्तीतल्या पेंटरांनी घराघरांत नेली, त्या परंपरेतलाच हा पोरगा. त्याला कोणी सांगितलेले नसते की मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे देवनागरी फाँट कोणालाही मोफत वापरता येतात, आणि अक्षर घडवणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. कमानीवर शुभेच्छुकांची चाळीस नावे बसवून तो पाचशे रुपये घेतो.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना जे निवेदन दिले त्यात अस्पृश्य मुलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या आणि परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, हीसुद्धा त्यातली मागणी होती. वकिली आणि कारकुनीपुरते त्यांनी आम्हाला थांबवले नव्हते. आम्हीच पुढे डॉक्टर, इंजिनिअर, एमपीएससी एवढ्यावर थांबलो. एनआयडी आणि आयआयटी या केंद्राच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात आणि ओबीसींना २७ टक्के जागा तेथे राखीव आहेत. पवईच्या आयआयटीत डिझाइनचा विभाग १९६९ पासून आहे. या जागांसाठी आमच्या घरांतून किती अर्ज जातात?

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा हजारो मुले देतात. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळालेली मुलगी पिंपळे गुरवच्या प्रत्येक आळीत सापडेल. दहावीला वाढीव गुण मिळाले की वही कपाटात जाते. आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी २०१५ पासून 'यूसीड' ही परीक्षा घेतली जाते, आणि ती इंग्रजीत असते. चित्र काढायला इंग्रजी लागत नाही, पण चित्र कशाचे काढायचे हा प्रश्न इंग्रजीत येतो. ही परीक्षा मराठीतून व्हावी ही मागणी आमच्या खासदारांनी संसदेत मांडली पाहिजे. तोवर विहारांतून आणि अभ्यासिकांतून जसे स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात तसे रविवारी दोन तास याचेही चालवायला हरकत नाही. शिकवायला फ्लेक्सवाला पोरगा आहे, औंधच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालेला आहे, टूलरूममधून निवृत्त झालेले काका आहेत. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात, म्हणजे वर्ग जूनमध्ये सुरू व्हायला हवेत.