विश्लेषण : पांढरं जातंय, पाळी लांबली… म्हणून गर्भपिशवीच काढायची?

बीड जिल्ह्यात २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत ४,६०५ महिलांच्या गर्भपिशव्या काढण्यात आल्या. ही आकडेवारी राज्य सरकारनेच २०१९ मध्ये विधिमंडळात दिली होती. यात अनेक ऊसतोड कामगार होत्या. मूळ तक्रारी काय? अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळी मागेपुढे होणं.

पांढरं जाणं हा आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत स्राव पारदर्शक, ताणला जाणारा असतो. पाळीआधी तो दाट, पांढुरका होतो. दह्यासारखा स्राव आणि खाज असेल तर बुरशीची, करडा रंग आणि माशासारखा वास असेल तर जिवाणूंची शक्यता. हिरवट, फेसाळ स्राव असेल तर संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला असू शकतो, मग जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. या सगळ्यांवर औषधं आहेत. पिशवी काढून योनीमार्गाचा संसर्ग जात नाही. योनीमार्ग तिथेच असतो!

पाळी लांबली तर?

आधी गरोदरपणाची चाचणी. गरोदरपणातही पांढरा स्राव वाढतो. ‘निश्चय’ किट आशा सेविकेकडे मोफत मिळतं. निगेटिव्ह आलं आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावं. ताण, थायरॉईड, पीसीओएस हीही कारणं असतात. मात्र पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय किंवा चक्कर येतेय, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

मग पिशव्या का निघाल्या?

उत्तर उसाच्या फडात आहे. मुकादम जोडप्याला उचल देतो, खाडा झाला की पैसे कापतो. फडावर शौचालय नाही, पुरेसं पाणी नाही. त्यात ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातल्याचं अनेकींनी सांगितलं. बीजकोशही काढले तर तरुण वयातच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात. कोयता मात्र सुटत नाही.

नियम काय सांगतात?

२०१९ नंतर बीडमधील खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिले. पण हंगामात ही कुटुंबं जिल्हा सोडून, काही राज्यही सोडून जातात. बीडचा परवानगीचा नियम तिथल्या दवाखान्याला लागू नाही.