पाण्याच्या थेंबाशिवाय कालवण

मैत्रिणींनो, माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे ब्राझीलमधल्या व्हितोरिया या समुद्रकाठच्या शहरात राहते. परवा तिचा फोन आला. "मावशी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक साधी खानावळ आहे. तिथलं माशाचं कालवण खाल्लं नि घरची आठवण आली. पण त्यात वाटण नाही की पाण्याचा थेंब नाही!"

वाटणाशिवाय कालवण? मी तर चाटच पडले. मग तिला खोदून खोदून विचारलं. ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

या कालवणाला तिकडे 'मोकेका' म्हणतात. काळ्या मातीच्या भांड्यात रटरटत ते थेट टेबलावर येतं. सोबत भात आणि 'पिरांव', म्हणजे माशाच्या डोक्यांच्या रश्शात कसावाचं पीठ शिजवून केलेली दाट पेज. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच, बरं का!

उत्तरेकडच्या बाहिया प्रांतात मोकेकात नारळाचं दूध आणि ताडाचं लाल तेल घालतात. व्हितोरियाचे लोक मात्र या दोन्हींना हात लावत नाहीत आणि खरा मोकेका आमचाच म्हणून हट्टाने सांगतात. गंमत पाहा, नारळ ब्राझीलला नेला पोर्तुगीजांनी, आणि काजू तिकडून आपल्या गोव्यात आणला तोही त्यांनीच!

आता कृती. सुरमई, रावस किंवा घोळ यांचे १ किलो जाड तुकडे मीठ आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवा. २ कांदे आणि ४ पिकलेले टोमॅटो चिरून घ्या. भांड्यात ३ चमचे तेल, ठेचलेला लसूण, त्यावर निम्मा कांदा-टोमॅटो आणि कोथिंबीर पसरा. वर माशाचे तुकडे, त्यावर उरलेलं सगळं. रंगासाठी तिकडे शेंदरीच्या बिया तेलात तापवून घालतात; आपण अर्धा चमचा काश्मिरी तिखट तेलात कालवून घालावं. झाकण ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं शिजू द्या. पाणी घालू नका, टोमॅटोला सुटतं तेवढं पुरतं. डाव तर मुळीच घालू नका, तुकडे मोडतील. भांडं फडक्यांनी धरून हलकेच हलवा, झालं.

पण भाची म्हणाली, "मावशी, निम्मी चव भांड्याची." ही भांडी व्हितोरियातल्याच गोयाबेरास भागातल्या बायका घडवतात. चाक नाही, नुसते हात. उघड्या जाळात भाजून गरम असतानाच त्यांवर खारफुटीच्या सालीचं पाणी मारतात, त्याने काळा रंग चढतो. आईकडून लेकीकडे आलेली ही कला २००२ साली सरकारने देशाचा वारसा म्हणून नोंदली. अशा नोंदवहीत चढलेली ती ब्राझीलमधली पहिलीच!

हे ऐकलं आणि मी गप्पच झाले. आम्ही ब्लॉकमध्ये राहायला आलो, तेव्हा सासूबाईंच्या मातीच्या तवल्या, "ही काळी खापरं कुठे ठेवायची?" म्हणून मी परसातच सोडून आले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण नंतर माझ्या हातच्या कालवणाला त्यांनी कधी 'छान' म्हटलं नाही. मला वाटायचं, मीठ-आंबट चुकतंय! आज त्या नाहीत. एकदा विचारायला हवं होतं.

म्हणून सांगते, घरात जुनी तवली असेल तर टाकू नका. नवी घेताना चकचकीत रंगाची घेऊ नका, त्या रंगात शिसं असू शकतं. साधी, भाजलेली घ्या आणि कुंभारणीशी चार-दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिल्या दिवशी तीत पेज शिजवा. गॅस मंद ठेवा आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका, तडकेल.

मी गेल्या रविवारी नवी तवली आणली. मोकेका केला. यांनी दोनदा भात घेतला आणि म्हणाले, "आईची आठवण आली."

तुम्हीही करून पाहा. आणि सासूबाई घरात असतील, तर पहिला घास त्यांना द्या.