विश्लेषण : माग वेगवान झाले, पण ताणा टिकेल का?

नायगावहून चिंचोटी-कामण रस्त्याने गाठता येणाऱ्या भिवंडीत साध्या यंत्रमागांबरोबर जलद मागही येत आहेत. साधा माग मिनिटाला साधारण १५० आडवे धागे भरतो. एअरजेट ६००हून अधिक.

सायझिंग का महत्त्वाचे?
ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांना कांजी लावून, वाफेवर वाळवून ते बीमवर गुंडाळतात. कांजी कमी पडली तर धागा तुटतो आणि माग थांबतो.

नवे काय?
धाग्याचा ताण व ओलावा आपोआप राखणारी यंत्रे आली आहेत. ‘प्री-वेट’ पद्धतीत धागा आधी गरम पाण्यातून जातो. त्यामुळे कांजी कमी लागते.

अडचण कुठे?
छोटे यंत्रमागधारक बीम बाहेरून भरून घेतात. २०१५ मध्ये इचलकरंजीत सायझिंग कामगारांचा संप लांबला, तेव्हा मागही अडले. म्हणूनच माग बदलताना सायझिंगही बदलावे लागेल.